लान्स नाईक खंडूची मान

माजी सैनिक म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती जणांना गोळ्या घातल्या? मी खरं उत्तर देतो. मी इंजेक्शनं दिली. फौजेत मी पशुवैद्यकीय शाखेत ड्रेसर होतो. खेचरांचे खूर, कुत्र्यांचे कान आणि घोड्यांचे पाय ह्यांत माझी सगळी नोकरी गेली. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याचं मला काही वाटत नाही. पण अशा लोकांना एकदा सांगायचंय की नोकरीत ज्या दिवशी मला सर्वांत जास्त संताप आला, तो दिवस सरहद्दीवरचा नव्हता. तो परळमधला होता, एका बंद गिरणीच्या आवारातला, आणि भांडण एका मेंढ्यावरून होतं.

नेमणुकीचा हुकूम साधा होता. दादरच्या मैदानावर नागरिकांसाठी फौजेचं प्रदर्शन भरणार होतं. परेड, बँड, कुत्र्यांच्या कसरती, खेचरांच्या पाठीवर तोफेचे भाग लादून दाखवणं. खेचरं आणि कुत्रे आले म्हणजे त्यांच्यामागे औषधाची पेटी घेऊन मी आलोच. हवालदार कांबळे, एका पायदळ पलटणीला अटॅच्ड. अटॅच्ड माणसाला फौजेत कुणी वाली नसतो. त्याचा पगार एका युनिटमधून निघतो, जेवण दुसरीकडे आणि शिव्या दोन्हीकडून.

पलटणीचा तळ परळच्या त्या गिरणीत पडला. शेड पाडून झाल्या होत्या, चिमणी तेवढी उभी होती. भिंतीला लागून नवा टॉवर. टॉवरच्या लोकांना आम्ही पहिल्या दिवसापासून आवडलो नाही. खेचरांचा वास येतो, पहाटे बिगुल वाजतो, मुलांची झोप मोडते. सोसायटीचा सेक्रेटरी गेटवर येऊन विचारून गेला, "ये सब कब तक चलेगा?" मी जवळच नायगावच्या चाळीत वाढलो. माझ्या आजोबांनी ह्याच गिरणीत पाळ्या केल्या. इथे मला 'कब तक' विचारणारा तू कोण, हे अगदी तोंडावर आलं होतं, पण गिळलं. अंगावर युनिफॉर्म असला की बरंच गिळावं लागतं.

पलटणीचा मॅस्कॉट म्हणजे खंडू. माडग्याळी मेंढा, उंचापुरा, पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. कागदोपत्री तो लान्स नाईक होता. त्याला रेशन होतं, झूल होती आणि झुलीवर पट्टी होती. परेडला तो बँडच्या पुढे चालायचा. जवान त्याला 'खंडूसाहेब' म्हणायचे, आणि त्यात थट्टा फारशी नसायची.

त्याला सांभाळायचा नाईक संतोष घाडी. लालबागचा, मूळ घर मालवणकडे. कमी बोलणारा माणूस. बोललाच तर मेंढ्याशी, आणि तेही मालवणीत. त्याची चाळ तळापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, पण तो एकदाही घरी झोपायला गेला नाही. खंडूच्या शेजारीच सतरंजी टाकायचा. त्याची आई एकदा डबा घेऊन गेटवर आली. कोंबडीवडे होते. खंडूने मान पुढे केली तसा तिने एक वडा मोडून त्याच्या तोंडात घातला आणि माउली हसून हसून बेजार झाली. सुभेदार जगताप लांबून बघत होते. ते हसले नाहीत.

परेडची जबाबदारी ह्या सुभेदार जगतापांकडे होती. ड्रिलचा माणूस. मागच्या एका परेडला खंडूने ऐन सलामीच्या मंचासमोर लेंड्या टाकल्या होत्या. पाहुणे हसले, पाहुण्यांच्या बायका हसल्या, आणि ते हसू सुभेदारांच्या मनात घर करून बसलं होतं. ह्या वेळी त्यांनी त्यावर उपाय काढला. मी खेचरांना पाणी दाखवून परत येत होतो तेव्हा ते घाडीला तो समजावत होते.

"कडबा बंद. गवत बंद. प्रदर्शन होईपर्यंत नुसता दाणा. मका दे, चणे दे, गूळ दे. ताकद येईल आणि पोट आत राहील. मंचासमोर एक लेंडी पडली तर तुझ्या पट्ट्या उतरवीन."

मी थांबलो. "साहेब, रवंथ करणारं जनावर आहे. एकदम चारा तोडून दाण्यावर नेलं तर..."

"कांबळे, तू अटॅच्ड आहेस ना?"

"होय साहेब."

"मग तुझी खेचरं बघ."

पलटणीचं रोजचं कामकाज बघणाऱ्या अ‍ॅडज्युटंटसाहेबांकडे मी गेलो आणि त्यांनाही सांगितलं. ते फोनवर होते. माझं ऐकता ऐकता त्यांनी मान हलवली. ती माझ्यासाठी हलवली की फोनवरच्या माणसासाठी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. घाडीने हुकूम पाळला. कडब्याच्या पेंढ्या स्टोअरमध्ये गेल्या आणि खंडूच्या घमेल्यात मका पडू लागला. पहिले दोन-तीन दिवस तो तुटून पडला. मग त्याचं शेण पातळ झालं, तो दाण्याला नाक लावून मागे सरू लागला. सुभेदार म्हणाले, माजलाय.

रंगीत तालीम दादरच्या मैदानावर झाली. सकाळचं कोवळं ऊन, कडेला फिरायला आलेले लोक, बँड जोरात. मी खेचरांबरोबर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो, पण मलाही ते दिसलं. बँड थांबला. "परेड, सावधान!" अशी आरोळी आली आणि खंडूने मान वर केली. वर म्हणजे किती? नाक थेट आकाशाकडे. मान ताठ, पाय खांबासारखे, आणि तो तसाच राहिला. परेड संपेपर्यंत हलला नाही. कडेचे लोक टाळ्या वाजवू लागले. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

"ह्याला म्हणतात बेअरिंग!" ते जवानांवर ओरडले. "शिका काहीतरी. मेंढा तुमच्यापेक्षा बरा उभा राहतो."

सीओसाहेब, म्हणजे आमचे कर्नल, स्वतः चालत आले आणि म्हणाले, "शाबास, घाडी." युनिटच्या फोटोग्राफरने सगळ्यांना एकत्र उभं करून फोटो काढला.

गाड्या भरताना घाडी माझ्याकडे आला. शाबासकी मिळालेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

"कांबळेदादा, जरा बघतास काय? ह्यो माझ्याकडे बघणा नाय."

"म्हणजे?"

"हाक मारलंय तर कान हलयता, पण बघणा नाय. सकाळपासून."

मी पेटी उघडतच होतो, तेवढ्यात सुभेदार आले. "घाडी, सीओसाहेब शाबासकी देतात आणि तू इथे रडगाणं गातोस? चढव त्याला गाडीत." गाडी निघून गेली. संध्याकाळी मी खंडूच्या तंबूशी गेलो तर बाहेर पहाऱ्याला संत्री उभा. सुभेदारसाहेबांचा हुकूम आहे, म्हणाला, प्रदर्शनाच्या परेडपर्यंत मेंढ्याला कुणी हात लावायचा नाही. आतून घाडीचा आवाज आला, "ऱ्हवांदे दादा. सकाळी बघू."

सकाळी बिगुलाच्या आधी एक आवाज कानावर आला. ढप्. थोड्या वेळाने पुन्हा ढप्. मी धावलो. खंडू दोर तोडून बाहेर आला होता आणि गिरणीच्या भिंतीला कपाळ लावून उभा होता. नुसता उभा नव्हता, ढकलत होता, जणू पलीकडे जायची वाट तिथेच आहे. घाडीने त्याला वळवलं तर तो पाण्याच्या बादलीवरून चालत गेला, तंबूच्या दोरीला अडकला आणि कोसळला. चारही पाय ताठ. मान मागे इतकी वाकली की डोकं पाठीला टेकलं. पाय हवेत पोहल्यासारखे हलायला लागले. तोंडाला फेस.

वर टॉवरच्या बाल्कन्यांमध्ये फोन निघाले होते. चहा होईपर्यंत ती क्लिप परळभर फिरली: लष्कराचा मेंढा पिसाळला. मग वायरलेस सुरू झाला.

"गेट टू कंट्रोल. बाहेर पब्लिक जमलंय. सोसायटीवाले आहेत, दोन पोलीस आहेत. ओव्हर."

"कंट्रोल टू गेट. कुणालाही आत सोडू नको. ओव्हर."

"ते म्हणतायत जनावर पिसाळलंय. ओव्हर."

"ते काय म्हणतायत हे विचारलेलं नाही. आउट."

अ‍ॅडज्युटंटसाहेब आले, लांबूनच बघितलं. "रेबीज असेल तर रिस्क नको. बातमी व्हायच्या आत संपवा."

"रेबीजच आहे साहेब," सुभेदार लगेच म्हणाले. "ह्याच्या चाळीतले लोक गेटवर येतात, वाट्टेल ते खायला घालतात. कुठलं भटकं कुत्रं कधी चावून गेलं, ह्याला पत्ता नाही."

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. मेंढा पिसाळला म्हटलं की दोष कुत्र्याचा आणि घाडीचा. गोळी घालून पुरला की चाऱ्याचं नाव कुणी काढणार नाही. घाडीचा बेल्ट काढून घेतला आणि त्याला क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत, बसवलं. तो जाताना मागे वळून मेंढ्याकडेच बघत होता.

मी म्हणालो, "साहेब, व्हेटरनरी ऑफिसरच्या सल्ल्याशिवाय सरकारी जनावर मारता येत नाही."

अ‍ॅडज्युटंटसाहेब माझ्यावर चिडले, पण नियम त्यांनाही ठाऊक होता. "मग घे सल्ला. संध्याकाळच्या रोल कॉलपर्यंत वेळ आहे. तेव्हाही असाच असेल तर रायफल."

आमच्या शाखेच्या मेजर मॅडम पुण्यात होत्या. मी व्हिडिओ कॉल लावला, फोन एका जवानाच्या हातात दिला आणि हातमोजे चढवले. मॅडमना फुकटचं बोलणं आवडत नसे.

"ताप?"

"नाही मॅडम. नॉर्मल."

"तोंड एका बाजूला लोंबतंय? एक कान पडलाय?"

"नाही. दोन्ही बाजू सारख्या."

"एकाच बाजूला गोल गोल फिरत होता?"

"नाही. सरळ भिंतीत जात होता."

"डोळ्यावर हात ने. एकदम. मारल्यासारखा, पण वारा लागू देऊ नको."

मी नेला. "पापणी हलत नाही मॅडम."

"आता बॅटरी मार."

"बाहुली लहान झाली."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे डोळा शाबूत आहे. मेंदूला दिसत नाही. खायला काय होतं?"

मी सांगितलं. तालमीतल्या ताठ मानेचंही सांगितलं. मॅडमनी एक इंग्रजी शब्द उच्चारला, तो इथे लिहीत नाही.

"पोलिओ आहे कांबळे. कालची ती मान, जिचं कौतुक झालं म्हणतोस, ते पहिलं लक्षण होतं."

शेळ्यामेंढ्यांचा पोलिओ म्हणजे लहान मुलांचा पोलिओ नव्हे. नाव तेवढं एक, बाकी काही संबंध नाही. हा जंतूने होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शेळीमेंढीच्या पहिल्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात, ते तिला बी-वन हे जीवनसत्त्व बनवून देतात. त्यांना चारा लागतो. चारा तोडून एकदम दाणा आणि गूळ भरला की पोट आंबतं, चांगले जीव मरतात, आणि जे उरतात ते असलेलं बी-वनही खाऊन टाकतात. बुरशी आलेल्या खाद्याने हे होतं, गंधक जास्त असलेल्या पाण्याने किंवा उसाच्या मळीनेही होतं. बी-वन नसलं की मेंदू सुजतो. मग जनावर कळप सोडून एकटं उभं राहतं, आकाशाकडे बघत बसतं, आंधळं होतं, भिंतीला डोकं लावतं, शेवटी आडवं पडून झटके देतं. तिथून पुढे हातात फार वेळ राहत नाही. ज्यांच्या दारात शेळ्या आहेत त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. शेळी आकाशाकडे बघत असेल तर तिचं कौतुक करू नका, डॉक्टरला फोन करा.

"रेबीज नाहीच असं मी फोनवरून छातीठोक सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "लाळेला हात लागू देऊ नको. पण बी-वन दे. उपचार हीच परीक्षा. पोलिओ असेल आणि वेळेत मिळालं, तर काही तासांत फरक दिसेल. रेबीज असेल तर दिसणार नाही."

"पेटीत बी-कॉम्प्लेक्स आहे मॅडम."

"त्यात बी-वन चिमूटभर असतं, पुरणार नाही. नुसतं बी-वन आण. दर किलोला दहा मिलिग्राम. पहिला डोस शिरेतून, अगदी सावकाश. घाई केलीस तर सुई आत असतानाच मरेल. पुढचे डोस दर सहा तासांनी स्नायूत. मेंदूची सूज उतरायला तुझ्या पेटीतलं दुसरं इंजेक्शन आहे, त्याचा डोस पाठवते. चिठ्ठी फोनवर येईल. पळ."

पळणं सोपं नव्हतं. फोन धरलेल्या जवानाने गेटवर 'पोलिओ' म्हणून सांगून टाकलं होतं. सेक्रेटरी माझ्या अंगावर आला. "पोलिओ? यहाँ छोटे बच्चे हैं!" मी सांगत होतो की हा तो पोलिओ नव्हे, तो मुलांना होत नाही. ऐकतो कोण? एका बाईने माझ्या तोंडासमोर कॅमेरा धरून विचारलं, "शरम नहीं आती, जानवर को टॉर्चर करते हो?" कुणीतरी कॉलर धरली. पोलिसाने ती सोडवली आणि मलाच दम दिला. ज्यांच्यासाठी प्रदर्शन मांडलं होतं, ते हे नागरिक.

परळमध्ये औषधाच्या दुकानांना तोटा नाही, पण नुसत्या बी-वनची एवढी इंजेक्शनं एका ठिकाणी मिळेनात. पहिल्या दुकानात नव्हती. दुसऱ्यात होती, थोडी. तिसऱ्या दुकानदाराने चिठ्ठी वर-खाली पाहिली.

"एवढी? पेशंटचं नाव?"

"लान्स नाईक खंडू."

"वय?"

"चार वर्षं."

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या फाटलेल्या कॉलरकडे बघितलं, आणि निमूटपणे खोकं पुढे सरकवलं.

परतलो तेव्हा सुभेदार जवानांना घेऊन उभेच होते. "काय म्हणे, पोलिओ झाला मेंढ्याला? लहानपणी डोस पाजायचा राहिला वाटतं!" जवान हसले. त्या हसण्याचा मला राग आला. अजून येतो. समोर एक जीव झटके देत होता आणि रोज त्याला साहेब म्हणणारे हसत होते.

"मला डोकं धरायला घाडी पाहिजे," मी म्हणालो.

"घाडी गार्डमध्ये आहे."

मी सरळ सीओसाहेबांच्या तंबूत गेलो. "साहेब, शीर चुकली तर डोस वाया जाईल. हा मेंढा घाडीशिवाय कुणाच्या हातात स्थिर राहत नाही." सीओसाहेब अ‍ॅडज्युटंटसाहेबांकडे वळून म्हणाले, "दे त्याला घाडी."

घाडी बिनबेल्टचा आला. त्याला हातमोजे दिले. गुडघ्यांत खंडूचं डोकं घेऊन तो पुटपुटत राहिला, "उगी रे बाबा, उगी." मी मानेची लोकर कापली, शीर फुगवली आणि औषध सोडायला लागलो. थांबत थांबत, प्रत्येक वेळी त्याचा श्वास बघत. मग पोट फुगू नये म्हणून त्याला छातीवर बसवलं, दोन्ही बाजूंना वाळूची पोती लावली, वर सावलीला कापड बांधलं. दहा हातांवर एक जवान रायफल घेऊन उभा केला होता. त्याला बसायची परवानगी नव्हती.

आम्ही दोघे वाट बघत बसलो. मी विचारलं, "चारा कुणी बंद केला, हे तू सांगणार ना?"

"नाय."

"का नाय? मी साक्ष देतो."

"दादा, मको माझ्या हातान घातलंय. तो जनावर माझ्या हातार होतो, तेंच्या नाय."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. मी म्हणालो, "मूर्खा, तुझ्या पट्ट्या जातील." तो खंडूच्या कानामागे खाजवत राहिला.

दुपारनंतर झटक्यांमधलं अंतर वाढलं. मग ते थांबले. उन्हं कलली तेव्हा डोकं पाठीवरून सुटलं आणि मान हळूहळू खाली आली. दुसरा डोस मी मांडीच्या स्नायूत दिला. रोल कॉलचा बिगुल वाजला आणि सगळे आले. सीओसाहेब, अ‍ॅडज्युटंटसाहेब, सुभेदार. फोनवर मॅडम.

सुभेदारांनी वाकून खंडूच्या डोळ्यांवरून हात फिरवला. "आंधळाच आहे साहेब. पापणी हलत नाही. काही फरक नाही."

खोटं नव्हतं ते. दृष्टी सगळ्यांत शेवटी येते, हे मी सांगत होतो, पण अ‍ॅडज्युटंटसाहेब घड्याळ बघत होते. रायफलवाल्या जवानाने पाय बदलला. तेव्हा घाडी कुणालाही न विचारता उठला, पोत्यांच्या पलीकडे जाऊन उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "खंडू."

खंडूचा कान वळला. मग डोकं वळलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी तो आवाजाच्या दिशेने पुढच्या गुडघ्यांवर उठला, धडपडला, पुन्हा उठला. घाडीने मूठभर कडबा पुढे केला. खंडूने हुंगला, तोंडात घेतला आणि चावायला लागला. तो कुर्रकुर्र आवाज सगळ्यांना ऐकू जात होता.

"गिळलं का?" फोनमधून मॅडम.

"गिळलं मॅडम."

"घसा चालतोय. पिसाळलेलं जनावर असं सुधारत नाही. कर्नलसाहेब, ती रायफल कोतात परत ठेवायला सांगा."

सीओसाहेबांनी जवानाला खूण केली आणि तो रायफल घेऊन शस्त्रागाराकडे गेला. सुभेदार टाच फिरवून निघून गेले. घाडी रडला, सगळ्यांदेखत, आवाज न करता. मीही रडलो असतो, पण माझ्या हातात सुई होती.

प्रदर्शन खंडूशिवाय पार पडलं. इंजेक्शनं चालू राहिली. तीन-चार दिवसांनी मी डोळ्यावर हात नेला तर पापणी मिटली, आणि लगेच त्याने मला ढुशी मारली. म्हणजे बरा झाला.

चौकशी मात्र व्हायचीच होती. मी उभा राहून जे ऐकलं ते सांगितलं. सुभेदार म्हणाले, असा हुकूम मी दिलेलाच नाही. अटॅच्ड माणूस पलटणीत फूट पाडतोय. मेंढा चाळीतले वडे खाऊन बिघडला. हुकूम तोंडी होता, माझ्या बाजूने बोलायला दुसरं कुणी नव्हतं. घाडीला विचारलं तर तो म्हणाला, "मका मीच घातला, साहेब." पट्ट्या वाचल्या, पण मॅस्कॉटची ड्युटी गेली. त्याला रायफल कंपनीत पाठवलं. उत्तम प्रदर्शनाबद्दल सुभेदार जगतापांना प्रशस्तिपत्र मिळालं. पुढे ते मोठ्या मानाने रिटायर झाले. माझ्या तोंडी त्यांच्यासाठी एकही चांगला शब्द नाही आणि तो शोधायची मला गरज वाटत नाही.

पुढच्या हिवाळ्यात घाडीची कंपनी वर, बर्फातल्या चौकीवर होती. गस्तीवर असताना बर्फाचा कडा सुटून खाली आला. तिघं गेले. त्यांतला एक नाईक संतोष घाडी. खंडूपाशी असता तर तो खाली पलटणीत असता, हे मी कितीतरी वेळा मनाशी बोललो आहे. खंडू म्हातारा होऊन मेला. पलटणीने त्याला बिगुल वाजवून पुरलं.

आता मी नायगावातच असतो. दर वर्षी घाडी गेला त्या दिवशी लालबागला त्याच्या आईकडे जातो. ती चहा टाकते आणि दर वर्षी तेच विचारते.

"माझ्या वड्यान तर नाय ना रे झाला?"

"नाही आई. एका वड्याने मेंढ्याला काही होत नाही. चारा तोडला, त्याने झालं."

"कोणी तोडल्यान?"

तिला माहीत आहे. तरी मी जगतापांचं नाव घेतो, खोलीबाहेर ऐकू जाईल असं. ती मान हलवते आणि साखर घालते.

भिंतीवर दादरच्या मैदानावरचा तो फोटो आहे, मोठा करून लावलेला. येणाराजाणारा म्हणतो, मेंढा काय ऐटीत उभा आहे. मला तो बघवत नाही. त्या फोटोत खंडूला दिसत नाहीये आणि त्याचा मेंदू सुजतोय. सीओसाहेब कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. सुभेदारांनी छाती पुढे काढलीय. जवान ताठ. एकटा घाडी वाकलेला आहे, एक हात खंडूच्या जबड्याखाली, आणि बघतोय त्याच्या डोळ्यांत.

त्या फोटोबद्दल आईची तक्रार आहे. ह्या वर्षीही तिने ती केली.

"सगळे कसे समोर बघतत. माझोच झील तेवढो खाली बघता. एक तरी फोटो समोर बघून काढूक व्हयो होतो."

"आई," मी म्हणालो, "त्या दिवशी मैदानावर तो एकटाच ड्युटीवर होता."